टर्फवर उतरण्याआधीची बारा मिनिटं

तुम्ही लिहिलेलं आधी नीट मांडून घेते. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतला तुमचा वीस-बावीस जणांचा ग्रुप, वयं २६ ते ४५. शनिवारी रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट, रविवारी सकाळी फुटबॉल, शिवाय चार-पाच जण बॅडमिंटन खेळतात. खेळण्याआधी सगळे गोल करून पाच-सात मिनिटं स्ट्रेचिंग करता. तरीही चार महिन्यांत एकाची हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेली, एकाचा तोच घोटा दोनदा मुरगळला आणि एकेचाळीस वर्षांच्या मित्राची टाचेची शिर (पोटरीला टाचेशी जोडणारी, अकिलीस) तुटून ऑपरेशन करावं लागलं. तुमचं विचारणं असं की स्ट्रेचिंग कमी पडतंय का, नेमका कोणता वॉर्मअप करावा, आणि वीस मिनिटं द्यायला कुणी तयार नसेल तर कमीत कमी किती चालेल.

मी ठाण्यात एकोणीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुमच्या तिन्ही दुखापती माझ्याकडे सोमवारी सकाळी येतात, आणि त्या बहुतेक वेळा तुमच्यासारख्याच माणसांच्या असतात. आठवडाभर खुर्चीत आणि लोकलमध्ये, आणि शनिवारी रात्री एकदम सुसाट. अशा माणसांनी खेळणं सोडावं असं मला कधीच वाटलेलं नाही. उलट खेळणं टिकावं म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहितेय.

थेट उत्तर आधी देते. तुमचं स्ट्रेचिंग वाढवून फायदा होणार नाही. दुखापती कमी करणारा जो वॉर्मअप जगभर तपासला गेलाय, त्यात अंग ताणण्याचा भाग जवळजवळ नाही. त्यात हळू पळणं आहे, दिशा बदलणं आहे, एका पायावर तोल सांभाळणं आहे, उडी मारून नीट उतरणं आहे आणि मांडीच्या मागच्या स्नायूला भार देणं आहे. दुसरी गोष्ट अशी की त्याचा फायदा त्या एका संध्याकाळी मिळत नाही. दोन-अडीच महिने आठवड्यातून दोनदा केल्यावर शरीर बदलतं आणि मग मिळतो. तुमच्या ग्रुपची खरी अडचण इथे आहे, तिच्याकडे पुढे येते.

आपल्याकडे एक फसगत फार होते. ठाण्याच्या हवेत मे महिन्यात काय किंवा ऑक्टोबरात काय, नुसतं उभं राहिलं तरी बनियन भिजतं. गाडी पार्क करून टर्फपर्यंत चालत आलं की कपाळावर घाम असतो, आणि घाम आला म्हणजे अंग गरम झालं असं आपण धरून चालतो. तो घाम हवेतल्या दमटपणाचा असतो. वॉर्मअपमध्ये जे तापायला हवं ते स्नायू, आणि ते मुख्यतः कामानेच तापतात. तापलेला स्नायू लवकर आकुंचन पावतो, लवकर सैल होतो, मेंदूकडून येणारा निरोप त्याच्यापर्यंत लवकर पोचतो. श्वास जरा जोरात व्हायला हवा, पण शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता यायला हवीत. ही खूण घामापेक्षा कितीतरी खरी.

आता स्ट्रेचिंगबद्दल. वाकून पायाचे अंगठे धरणं, भिंतीला टेकून पोटरी ताणणं, गुडघा मागे धरून उभं राहणं, हे आपल्या सगळ्यांना शाळेच्या पीटीच्या तासापासून शिकवलं गेलंय, त्यामुळे त्यावर बोललं की लोकांना वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या १५३८ नव्या जवानांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सगळे जवान सारखाच वॉर्मअप करायचे, त्यातल्या अर्ध्यांना शिवाय पायाच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पायाच्या दुखापती जवळजवळ सारख्याच निघाल्या. एक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला तर लगेच नंतर त्याची ताकद थोडी कमी भरते, हेही अनेकदा मोजलं गेलंय. म्हणून खेळण्याआधी लांब ताण नकोत. कुणाला अंग आखडल्यासारखं वाटत असेल तर पंधरा-वीस सेकंदं ताणून सोडायला हरकत नाही. लवचिकपणासाठी करायचं असेल तर खेळ झाल्यावर किंवा रात्री घरी करा, तिथे ते चांगलंच आहे.

ज्या कार्यक्रमाबद्दल सर्वात जास्त माहिती आहे त्याचं नाव ‘फिफा ११ प्लस’. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने ओस्लो आणि सांता मोनिका इथल्या क्रीडावैद्यक संशोधकांबरोबर तो २००६ साली तयार केला. एकूण पंधरा व्यायाम, तीन भाग, वीसेक मिनिटं. पहिली आठ मिनिटं हळू पळत पळत गुडघा बाहेर फिरवणं, आत फिरवणं, जोडीदाराभोवती गोल फिरणं, उडी मारून खांद्याला खांदा लावणं. मधली दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या. शेवटची दोन मिनिटं वेगाने पळणं, आणि पळता पळता पाय रोवून वळणं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या १८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एका हंगामात, म्हणजे साधारण आठ महिने, तो तपासला आणि निष्कर्ष २००८ साली आले. कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्यावर आल्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या अभ्यासात जी मुख्य मोजणी ठरवली होती, ती फक्त पायांच्या दुखापतींची, आणि तिच्यातला फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने तितका पक्का ठरला नाही. पण पुढे अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुष खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात, २०१५ साली, दुखापती ४६ टक्क्यांनी कमी आल्या. एवढं सगळं एकाच दिशेने बोट दाखवत असेल तर मी माझ्या पेशंटला ते सांगायला कचरत नाही.

नॉर्वेच्याच माहितीतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती सर्वात मोलाची वाटते. ज्या मुलींनी कार्यक्रम सर्वात नियमित केला, त्यांच्या दुखापती मध्यम नियमित असणाऱ्यांपेक्षाही ३५ टक्क्यांनी कमी होत्या. म्हणजे कधीतरी केलं, कधी नाही, असं करणाऱ्यांना पूर्ण फळ मिळत नाही.

आता तुमच्या ग्रुपची अडचण. हे सगळे अभ्यास ज्या संघांवर झाले ते आठवड्यातून दोन-तीनदा सराव करायचे आणि एकदा सामना खेळायचे. कार्यक्रम पूर्ण करायचा तो सरावाच्या दिवशी. सामन्याच्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा भाग, पळण्याचे. मधला ताकदीचा भाग सामन्याआधी करतच नाहीत, कारण थकलेल्या मांड्या घेऊन मैदानात उतरायचं नसतं. आणि तुमच्याकडे सराव नाहीच. शनिवारीही सामना, रविवारीही सामना. तुम्ही खेळाआधी कितीही चांगला वॉर्मअप केलात तरी ज्या भागामुळे दुखापत खरी टळते तो भाग तुमच्या आठवड्यात कुठेच बसत नाही. म्हणून माझा सल्ला असा: खेळाआधी बारा मिनिटं, आणि ताकदीची आठ-दहा मिनिटं वेगळी, आठवड्यातून दोनदा. एकदा रविवारी फुटबॉल संपल्यावर तिथेच, आणि एकदा बुधवारी किंवा गुरुवारी घरी नाहीतर सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये. ऑस्ट्रेलियात निमव्यावसायिक फुटबॉल संघांवर २०१९ साली हेच करून बघितलं गेलं. ताकदीचा भाग सरावाच्या सुरुवातीऐवजी शेवटी हलवला. दुखापतींपासूनचं संरक्षण कमी झालं नाही, आणि खेळाडू तो जास्त नियमित करू लागले. रोज लोकल पकडून धावतपळत येणाऱ्या माणसांसाठी ही मोठीच सोय आहे. उशिरा आलेला सुरुवात चुकवेल, शेवट चुकवणार नाही.

हॅमस्ट्रिंगवर जरा थांबते, कारण तिथे सर्वात कमी कष्टात सर्वात जास्त मिळतं. बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना किंवा फुटबॉलमध्ये लांब टाकलेल्या पासमागे पळताना माणूस अचानक मांडी मागून धरून लंगडत थांबतो. हॅमस्ट्रिंग पाय जमिनीवर दाबताना सहसा जात नाही. पाय हवेत पुढे झेपावलेला असतो, टाच टेकायच्या किंचित आधी, तेव्हा जाते. त्या क्षणी मागचा स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होता पुढे जाणाऱ्या पायाला ब्रेक लावत असतो. लांब होताना जोर लावणं हीच त्याची परीक्षा, म्हणून तयारीही तशीच हवी. नुसतं ताणून ती होत नाही, आणि जिमच्या मशीनवर पाय मागे ओढूनही अर्धीच होते.

त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. मऊ जागेवर, चटई किंवा जाड टॉवेल घालून, गुडघ्यांवर उभं राहायचं. जोडीदाराने मागे बसून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, स्वतःचं वजन हातांवर टाकून. हात छातीपाशी. आता गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका फळीसारखं ठेवून पुढे झुकायचं, जितकं हळू जमेल तितकं. पहिल्या दिवशी बहुतेकजण थोडं झुकतात आणि धपकन हातांवर पडतात. मुद्दाम बघा, कुणाची कंबर वाकते, कुणाचा पार्श्वभाग मागे राहतो. तो मागे राहिला की मांडीवरचा भार सुटला. हातांवर अलगद पडायचं, हातांनी ढकलून परत वर यायचं. वर येताना जोर हातांचा, खाली जाताना जोर मांडीचा. पहिले दोन आठवडे फक्त तीन ते पाच वेळा. मग सात ते दहा. पुढे बारा ते पंधरा. २०१९ साली ८४५९ खेळाडूंवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. ज्या कार्यक्रमांत हा व्यायाम होता त्यांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर आल्या होत्या. एका व्यायामाने इतकं मिळण्याची उदाहरणं माझ्या क्षेत्रात फार नाहीत. पायाखाली चटई आणि मागे एक मित्र, एवढंच साहित्य लागतं.

ज्याची हॅमस्ट्रिंग गेलीय त्याने मात्र लगेच याला हात घालू नये. आधी त्याला जिना, मग हळू पळणं, मग वेगात पळणं हे सगळं न दुखता जमायला हवं. एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते, आणि ती बहुतेक वेळा घाईने परतल्यामुळे जाते.

घोटा. दोनदा मुरगळला असं तुम्ही लिहिलंत, आणि मला खात्री आहे की पहिल्या वेळी सूज उतरली, दुखणं थांबलं, म्हणून तो परत खेळायला आला. लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) जुळतं, पण घोट्याची जाणीव, म्हणजे पाय नेमका कसा पडतोय हे मेंदूला कळवणारी यंत्रणा, आपोआप पूर्ववत होत नाही. ती शिकवावी लागते. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंपैकी साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांनंतर आठ आठवडे घरीच तोल साधण्याचे व्यायाम दिले, कुणाच्याही देखरेखीशिवाय. त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. त्याने रोज दात घासताना एका पायावर उभं राहावं, तीस सेकंद हा पाय, तीस सेकंद तो. जमायला लागलं की डोळे मिटून. मग उशीवर. मग समोरच्याने बॉल टाकायचा आणि याने एका पायावर उभं राहून झेलायचा. पुढचे काही महिने खेळताना अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टाही घालावा. आपल्याकडे त्याची लाज वाटते, ती वाटू नये. आणि टर्फच्या जाळीपाशी काठावर जिथे गवत उचललं गेलंय तिथे आधी नजर टाकावी. तुमच्या शनिवारच्या जागेला अशी जागा नक्की असेल.

टाचेच्या शिरेबद्दल लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण तिशी ते पन्नाशीतली ही धडधाकट माणसं. सगळे एकच वाक्य बोलतात: ‘मॅडम, मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नव्हतं.’ बॅडमिंटनमध्ये मागे जाताना एकदम पुढे झेप घ्यावी लागते, चवड्यावर सगळा भार येतो आणि शिर तुटते. कधीकधी त्यानंतरही चालता येतं, म्हणून लोक लचक समजून बर्फ लावत बसतात. घरी ओळखायची एक पद्धत सांगते. त्या माणसाला पालथं झोपवून पाय पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. पोटरी दाबल्याबरोबर शाबूत पायाचा पंजा किंचित हलतो. दुखऱ्या पायाचा हललाच नाही तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

ही शिर एका संध्याकाळच्या वॉर्मअपने वाचत नाही. तिला आठवडाभर थोडा थोडा भार लागतो. तुमच्या ग्रुपमधल्या पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने लिफ्टची वाट बघताना दोन्ही चवड्यांवर वर-खाली करावं, पंधरा-पंधराचे दोन-तीन फेरे. चार आठवड्यांनी जिन्याच्या पायरीच्या कडेवर, एका पायाने, टाच पायरीच्या खाली हळू नेत. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर ताठरपणा वाटत असेल तर ती शिर आधीच तक्रार करतेय, तिच्याकडे दुर्लक्ष करून शटल मारायला जाऊ नये. आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगते: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स घेतल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही, ही शिर तुटण्याचा धोका वाढतो. पोटाच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी ती नुकतीच घेतली असतील तर त्या दिवसांत बॅडमिंटनला सुट्टी द्या, आणि डॉक्टरांना आपण खेळतो हे सांगा.

गुडघ्याची दुखापत तुमच्याकडे अजून झालेली नाही, पण ती सर्वात महाग पडते. नवी मुंबईतल्या एका कबड्डी संघाच्या मुली मी काही महिने बघत होते. सोळा वर्षांची एक मुलगी, चढाईला विजेसारखी. मी तिला एका बुटक्या बाकावरून उडी मारून खाली उतरायला सांगितलं आणि मोबाइलवर समोरून शूट केलं. संथ गतीत बघितलं तर पाय टेकताच दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे झुकत होते, आणि जमिनीवर पायाचा आवाज येत होता, थाप. एसीएल नावाचं गुडघ्यातलं लिगामेंट याच ढंगाने तुटतं, पाय टेकल्यावर सेकंदाच्या पाव भागाच्याही आत, म्हणजे विचार करून सावरायला वेळच नसतो. शरीराला आधीच वळण लागलेलं हवं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते. आम्ही काय केलं, तर पाच आठवडे फक्त उतरायचं शिकवलं: आवाज न करता उतरायचं, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, कंबर मागे, जसं खुर्चीवर बसतोय. रोज दहा उड्या, तिच्या मैत्रिणी बाजूला बसून आवाज ऐकायच्या. पाचव्या आठवड्यात तोच व्हिडिओ पुन्हा काढला तेव्हा ती स्वतःच मोबाइल धरून ‘आता बघा ना’ म्हणत होती. गुडघे सरळ होते. मातीवर पाय थोडा घसरतो आणि जोर निघून जातो. मॅटवर आणि टर्फवर बूट पकडून ठेवतो आणि वरचं शरीर वळतं, तो पीळ गुडघा घेतो. तुम्ही टर्फवरच खेळता, म्हणून हे तुम्हालाही लागू.

तर शनिवारची बारा मिनिटं. टर्फचा तास पैसे देऊन घेतलेला असतो आणि त्यातली मिनिटं कुणालाच वॉर्मअपला द्यायची नसतात, हे मला माहीत आहे. म्हणून ती आत जाण्याआधी पार्किंगमध्ये किंवा जाळीबाहेरच्या मोकळ्या जागेत करा. आधीची टीम बाहेर पडेपर्यंत तुम्ही तसेही उभेच असता. पहिली चार मिनिटं वीस-पंचवीस पावलांच्या अंतरात हळू पळत जा-ये, मध्येच गुडघा वर उचलून बाहेर फिरवायचा, परतताना आत, मग बाजूने सरकत, मग उलटं पळत. पुढची चार मिनिटं: दहा बैठका, आपल्या तालमीतल्यासारख्या पूर्ण खाली न जाता अर्ध्या, गुडघे बोटांच्या रेषेत. मग आळीपाळीने एकेक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकत दहा पावलं. मग प्रत्येक पायावर तीस सेकंद उभं राहून जोडीदाराबरोबर बॉलची फेक-झेल, त्यात बोलिंग करणाऱ्यांचे खांदेही मोकळे होतात. मग पाच-सहा उड्या, आवाज न करता उतरायच्या. शेवटची चार मिनिटं वेग: आधी साठ टक्के जोराने, मग सत्तर, मग ऐंशी, असे पाच-सहा स्प्रिंट, शेवटच्या दोनांत पाय रोवून डावीकडे, मग उजवीकडे वळायचं. हा वेगाचा भाग कधीच गाळू नका. तुमच्या हॅमस्ट्रिंगवाल्या मित्राने मला खात्रीने सांगितलं असतं की त्या रात्रीचा त्याचा पहिला स्प्रिंट हा सामन्यातलाच होता. बोलरने शिवाय सहा-सात चेंडू अर्ध्या ताकदीने टाकूनच पहिली ओव्हर घ्यावी. आणि जो बराच वेळ बाहेर बसून मग बॅटिंगला जातो, त्याने आत जाण्याआधी दोन स्प्रिंट पुन्हा मारावेत, कारण दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर तापलेलं अंग पुन्हा थंडावतं.

ताकदीच्या दिवशी नॉर्डिक, प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं धरणं) आणि एका कुशीवरचा प्लँक, एका पायावरचा तोल, बैठका, पोटरीसाठी चवड्यांवर वर-खाली. फुटबॉल खेळणाऱ्यांनी जांघेसाठी एक जास्तीचा: कुशीवर झोपून वरचा पाय बाकावर किंवा जोडीदाराच्या हातात ठेवायचा आणि त्याच्या जोरावर कंबर उचलायची. कोपनहेगन म्हणतात त्याला. नॉर्वेतल्या पुरुष फुटबॉल संघांत त्याने जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी केल्या, २०१९ सालची गोष्ट.

सोसायटीतली मुलंही याच वेळी खेळतात असं तुम्ही सहज लिहिलंय, त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे. ७ ते १३ वयाच्या मुलांसाठी केलेल्या आवृत्तीत नीट पडायला शिकवतात, आणि युरोपातल्या चार देशांत ती तपासली तेव्हा दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे मल्लखांब किंवा कुस्ती शिकलेल्या मुलाला पडायचं कसं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. उरलेल्यांना गवतावर कोलांट्या मारायला शिकवा.

तुमच्यातले काहीजण वर्षा मॅरेथॉनसाठी येऊरच्या चढावर पळतात असंही म्हणालात. तिथे मी वॉर्मअपवर इतका भर देणार नाही. पळणाऱ्यांच्या दुखापती जास्त करून अंतर एकदम वाढवल्याने होतात, जूनमध्ये सुरुवात करून ऑगस्टमध्ये लांब पल्ला गाठायच्या घाईने. त्यांनी पोटरी आणि कुल्ल्याची ताकद आठवड्यातून दोनदा करावी आणि अंतर हळू वाढवावं. पावसात शेवाळलेल्या रस्त्यावर उतारावरून पळणं टाळावं.

चाळिशीच्या पुढच्या ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालाय, त्यांनी इतक्या जोराचा खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. खेळताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, एकाएकी थंड घाम, यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून बसून राहू नये, तिथून थेट हॉस्पिटलमध्ये.

हे सगळं चालू ठेवायची जबाबदारी एकाने घ्यावी लागते, आणि तुम्ही प्रश्न विचारलात म्हणजे तो एक तुम्हीच. जिथे जिथे हे टिकलेलं मी पाहिलंय तिथे कुणीतरी एकजण दहा मिनिटं आधी येऊन एकटाच पळायला सुरुवात करतो, बोलावत नाही, टोमणे मारत नाही. तिसऱ्या आठवड्यात चारजण असतात, दुसऱ्या महिन्यात सगळे. मारून मुटकून केलेलं महिनाभरात सुटतं.

येत्या रविवारी फुटबॉल झाल्यावर नॉर्डिक फक्त तीनदा करा, जास्त जमत असलं तरी. मंगळवारी जिना उतरताना मांडीच्या मागे चांगलंच दुखेल, काहीजण तुम्हाला फोन करून सांगतीलही. ते दुखणं नवीन भाराचं आहे, दोन-तीन दिवसांत जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून जवळजवळ येतच नाही. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं टोकदार दुखलं, सूज किंवा काळंनिळं दिसलं, तर मात्र व्यायाम थांबवून दाखवून घ्या. घोटावाल्या मित्राला आज रात्रीच दात घासताना सुरुवात करायला सांगा, बेसिनला हात न लावता.